धवलारणीची अर्धशिशी

गोदाचं डोकं दुखायचं ते अर्धंच, डावीकडचं. उजव्या अर्ध्यानं ती तांदळाच्या भाकऱ्या करायची, सुनेशी बोलायची, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावायची, आणि डाव्या अर्ध्यात कुणीतरी खलबत्ता घेऊन बसलेलं असायचं. लग्न करून ठाण्याच्या बाळकुमात आली त्या वर्षापासूनचं हे दुखणं. तेव्हा दारापुढून खाडीपर्यंत मिठागरं होती. आता तिथं टॉवर उभे आहेत आणि त्यातल्या एकाच्या चौथ्या मजल्यावर, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये, गोदा राहते. मिठागर गेलं, भाताची खाचरं गेली, सासू गेली. अर्धशिशी मात्र सामानाबरोबर लिफ्टनं वर आली.

उपाय झाले नाहीत असं नाही. सासूनं वेखंड उगाळून कपाळाला लावलं होतं. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली की अर्धशिशी जाते, म्हणून सात दिवस तेही केलं. आठव्या दिवशी डोकं होतं तिथंच होतं, आणि तिचा नवरा परशुराम पहाटे उठून जिलबी कुठाय विचारू लागला होता. नाकात तूप सोडून झालं. दृष्ट काढून मिरच्या जाळल्या, त्या धुरानं डोकं असं काही उठलं की दृष्ट लावणारीलाही दया आली असती. शेवटी नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं लाल पाकिटातली गोळी दिली आणि गोदाचं त्या गोळीशी जमलं. ती गोळी मोडून अर्धीच घ्यायची. अर्धं डोकं दुखतं तर अर्धी गोळी पुरे, असा तिचा साधा विचार. पुढं पुढं दुखायच्या आधीच, सकाळच्या चहाबरोबर अर्धी घेऊन टाकायची सवय लागली. दुखलं की मग उरलेली अर्धी.

गोदा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतात ते उशिरा. त्याच्या आधी, मांडव घालतात त्या दिवशी, धवलारीण येते, मांडवाखाली पाटावर बसते आणि धवले गाऊन देवांना लग्नाला बोलावते. गणपती, सूर्य, चंद्र, गावदेवी, एकवीरा, खंडोबा, खाडीचे देव, विहिरीतल्या आसरा, एकेकाला नाव घेऊन. देव संपले की त्या घरातली गेलेली माणसं. आजा, पणजा, लग्नाआधी गेलेली आत्या, कुणालाही वगळायचं नाही. नाव घेतलं की ते माणूस मांडवात येऊन बसतं अशी समजूत आहे, आणि नाव राहिलं तर ते वेशीवर उभं राहतं. हे सगळं गोदानं मावशीच्या मागं बसून उचललं होतं. ती चौथी शिकलेली, अक्षरं यायची, पण वही उघडून धवला म्हणणारी धवलारीण कुणी पाहिलेली नाही. आणि सुरू केलेला धवला मध्येच थांबवायचा नसतो, कुणाला काही विचारायचं नसतं. बाळकुमापासून कल्याण-डोंबिवलीकडच्या गावांपर्यंत आता अशा तीनच बाया उरल्या होत्या. त्यातल्या एकीला ऐकू येत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात कल्याणच्या पलीकडं एका मांडवात गोदा गात होती. ऊन पत्र्यावरून डोळ्यांत येत होतं आणि बाजूला हळदीसाठी आणलेले स्पीकर लावणारी पोरं दर दोन मिनिटांनी 'चेक, चेक' करत होती. आधी तिच्या डाव्या डोळ्यापुढं चकचकीत करवतीसारखी रेघ आली. ही रेघ आली की पुढं काय येणार हे तिला ठाऊक होतं. तिनं धवला ओढत नेला, शेवटच्या आज्यापर्यंत सगळ्यांना मांडवात बसवलं, उठली, जनरेटरच्या मागं गेली आणि पोटात होतं नव्हतं ते तिथं ओतलं. मग पायच उचलेनात. भाची ऋतिका सोबत आलेली, तिनं आणि दोघांनी उचलून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथं सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. नर्सनं विचारलं की एक ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय. गोदानं डोळे मिटूनच विचारलं, दहाच्या फुरं काय नाय का तुमच्याकडं.

इंजेक्शन उतरत गेलं तसा खलबत्त्याचा आवाज लांब गेला. ऋतिका पलंगाशेजारी स्टुलावर बसून होती. ती गोदाच्या धाकट्या भावाची, दगडूची, एकुलती एक मुलगी. डोंबिवलीजवळच्या भोपर गावात राहायची. तिचं लग्न ठरलं होतं आणि तारीख डिसेंबरातली निघाली होती. त्या दिवशी ती एकच गोष्ट बोलली.

"आत्या, माझ्या मांडवात असं नको व्हायला. मला बाकी कसलाच हट्ट नाही. आईचं नाव तू घ्यायचं."

ऋतिकाची आई सुगंधा करोनात गेली होती. घरातून चालत रिक्षात बसली ती परत आलीच नाही. दवाखान्यातून तिला थेट नेलं आणि घरच्यांना गेटवर उभं राहून पांढऱ्या प्लास्टिकमधलं काहीतरी लांबून दिसलं. तोंड बघायला मिळालं नाही, पायाला हात लावायला मिळाला नाही. वहिनी म्हणून सुगंधा गोदाच्या माहेरी आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तिचे केस गोदाच विंचरायची. ऋतिकाला आई मांडवात यायला हवी होती आणि तिला बोलावणारं तोंड गोदाचं होतं. तेव्हा डोकं बरं करणं भाग आलं.

सून करिश्मा माजिवड्याच्या एका तपासणी केंद्रात काउंटरवर बसायची. ठाण्यातला कुठला डॉक्टर किती वाजता जेवतो हेसुद्धा तिला माहीत. तिनं वर्तकनगरच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्यांचं नाव संचिता. तरुण होत्या, हळू बोलायच्या, आणि गोदाला बघताच त्यांनी उठून खोलीतली मोठी ट्यूब बंद केली. तेवढ्यावरच गोदाचा त्यांच्यावर विश्वास बसला. इतक्या वर्षांत दिवा बंद करणारा हा पहिलाच डॉक्टर.

फॉर्म करिश्मानंच भरला होता. डॉक्टरांनी खूप विचारलं, कधी दुखतं, कुठं दुखतं, दम्याचा त्रास आहे का, घरात आणखी कुणाला. दमा होता. गोळ्या किती घेता, यावर गोदा म्हणाली, कधीतरी, अर्धी. करिश्मानं सासूची पिशवी टेबलावर पालथी केली. त्यातून लाल पाकिटं आणि मोडलेल्या गोळ्यांचे तुकडे पडले. डॉक्टरांनी अर्ध्याला अर्धी जोडत महिन्याच्या पंचवीस-सव्वीस गोळ्या काढल्या. मग त्यांनी समजावलं की इतक्या गोळ्या रोज पोटात गेल्या की त्याच दुखणं आणायला लागतात. त्या आधी बंद करायच्या. दहाएक दिवस फार वाईट जातील. त्याचबरोबर दुसरी एक छोटी गोळी सुरू करायची, ती दुखण्यावरची नाही, दुखणं येऊच नये म्हणून. डोस दर आठवड्याला थोडा वाढवायचा. हातापायाला मुंग्या येतील, भूक कमी होईल, कधी एखादा शब्द चटकन आठवणार नाही. असलं काही जास्त वाटलं तर फोन करा, असं दोनदा सांगितलं.

एमआरआयसुद्धा झाला. रिपोर्ट घेऊन करिश्मा घरी आली आणि डोक्यात काहीच नाही म्हणाली. परशुराम टीव्हीपुढून न हलता म्हणाला, "तीस वर्सं मी दुसरा काय सांगतंय?"

ते दहा दिवस गणपतीनंतरचे. गोदानं खोलीच्या खिडकीला काळी चादर लावून घेतली, डोक्याला ओढणी इतकी आवळून बांधली की कपाळावर तिचे वळ उठले. फोडणीचा वास आला की ती भिंतीकडं तोंड करायची. कुणाच्या तरी घरात ड्रिल चालू होतं. चौदाव्या मजल्यावर कुणीतरी स्वयंपाकघर तोडून नवं करत होतं आणि ते ड्रिल भिंतीतून उतरून थेट तिच्या भुवईत शिरत होतं. चौथ्या दिवशी तिनं करिश्माला हाक मारून अर्धीच गोळी मागितली. करिश्मानं दिली नाही. सहाव्या दिवशी गोदानं तिला नाही नाही ते ऐकवलं, तुझ्या माहेरच्यांनी तुला हेच शिकवलं का इथपर्यंत. करिश्मानं ऐकून घेतलं आणि पाण्यात भिजवलेलं फडकं बदललं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडली असावी, कारण नळ बराच वेळ चालू होता. गोदाला तो आवाजही सहन झाला नाही, आणि नळ बंद कर असं ओरडावं की तिला रडू द्यावं हे तिला ठरवता आलं नाही. तिनं उशी कानांवर दाबून धरली.

मग एके दिवशी दुखणं थोडं सरकलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. नवरात्र उलटलं आणि गोदाच्या लक्षात आलं की कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिनं डोळे मिटले नव्हते. दिवाळीत तर खालच्या आवारात पोरांनी लडी लावल्या आणि ती गॅलरीत उभी राहून बघत राहिली. न दुखणारं डोकं कसं असतं हे ती विसरून गेली होती. डावीकडं एवढी जागा रिकामी पडली होती की त्यात काय ठेवावं कळत नव्हतं. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. थंडा प्यायला की तो पाण्यासारखा सपक लागायचा, बुडबुडे कुणी काढून घेतल्यासारखा. एवढ्याशा गोष्टींचं कुणाला काय.

पहिल्यांदा 'झारा' गेला. तिनं करिश्माला हात हलवत ते भोकाभोकाचं दे म्हणून सांगितलं आणि दोघी हसल्या. मग शेजारणीचं नाव गेलं. मग एकदा परशुरामाला मच्छीबाजारातून काय आणायचं ते सांगताना मासा डोळ्यांपुढं दिसत होता, त्याचे काटे दिसत होते, आणि नाव नाही. परशुराम बोंबील घेऊन आला. तिला बोंबील नको होता.

"वय जाला," तो म्हणाला. ती हो म्हणाली.

पण तुळशीच्या लग्नाला तिनं घरच्या घरी देवांची नावं घेतली तेव्हा खंडोबानंतर ती थांबली. पुढं पायरी आहे हे ठाऊक असतं आणि अंधारात पाय टाकल्यावर ती नसते, तसं. तिनं मागून पुन्हा सुरुवात केली, वेग घेतला, आणि त्या वेगात खंडोबाच्या पुढचे देव आले. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी फोन करा म्हटलेलं तिला चांगलं आठवत होतं. फोन केला असता तर त्यांनी गोळी थांबवली असती. गोळी थांबली असती तर तो खलबत्तेवाला परत आला असता, आणि मांडव तीन आठवड्यांवर होता. ऋतिकाच्या मांडवात जनरेटरमागं जाऊन ओकायचं नव्हतं तिला. ती रोज संध्याकाळी बरोबर आठ वाजता पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेत राहिली.

मांडवाच्या सकाळी करिश्मानं गाडी काढली आणि माणकोलीच्या नव्या पुलावरून भोपरला नेली. गोदा खिडकीतून खाडी बघत होती. डोकं इतकं हलकं की तिला त्याचीच भीती वाटली. दगडूनं अंगण सारवून घेतलं होतं. हल्ली फरशीवर शेण कुणी सारवत नाही, त्यानं मुद्दाम ओळखीच्या गोठ्यातून आणवलं. मांडवाच्या मेढीला, मधल्या खांबाला, आंब्याच्या पानांचे टाळे बांधले होते. ऋतिका हळदीची पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती आणि तिच्या शेजारी एक रिकामा पाट मांडून ठेवला होता. तो कुणासाठी हे कुणी विचारलं नाही.

गोदा बसली. मागं चार बाया बसल्या, धवलारीण देईल तो बोल उचलून परत म्हणणाऱ्या. त्यांचं काम तेवढंच, त्या पुढचं काही देत नाहीत. गणपती आला. सूर्य-चंद्र आले. गावदेवी, एकवीरा, खंडोबा आला, खंडोबाच्या पुढचेही आले, आणि गोदाचा आवाज मोकळा झाला. आसरा आल्या. मग घरचे. दगडूचा आजा, आजी. बाप, आय. पोरवयात बुडालेला चुलता. त्याचं नाव सगळे विसरले होते, तिनं ते घेतलं आणि बायांनी उचललं. मग ओळ वळली आणि रिकाम्या पाटापाशी आली.

तिथं नाव नव्हतं.

चेहरा होता. सतराव्या वर्षीचे केस होते, मधोमध भांग पाडलेले. हातातल्या हिरव्या बांगड्या, दाताचा एक तुकडा उडालेला, जेवताना डावा गुडघा वर घेऊन बसायची सवय, हसताना तोंडावर पदर धरायची ती. सगळं होतं आणि ज्या शब्दाला धरून ते ओढायचं तो शब्द नव्हता. बाया थांबल्या होत्या. धवला थांबवायचा नसतो. गोदानं 'नवरीची आय' असं म्हटलं. बायांनी 'नवरीची आय' उचललं. तिनं पुन्हा फिरवून 'दगडूची अस्तुरी, नवरीची आय' म्हटलं, सूर लांबवला, तेवढ्या वेळात नाव येईल म्हणून वाट पाहिली. नाव आलं नाही. करिश्मा समोर उभी राहून मोबाइलवर व्हिडिओ घेत होती आणि तिला हे सगळं फार छान चाललंय असं वाटत होतं. गोदा पुढच्या ओळीवर गेली. नवऱ्यामुलाचं कूळ घेतलं, धवला पुरा केला, तांदूळ टाकले.

कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. बाया म्हणाल्या की या वर्षी आवाज किती चांगला लागला, डोकं बरं झाल्यासारखं दिसतंय. फक्त ऋतिकानं मान वर केली होती. नवरीनं पाटावर बोलायचं नसतं. ती आत्याकडं बघत राहिली आणि मग खाली रिकाम्या पाटाकडं. संध्याकाळी हळदीच्या गाण्यांनी सगळा भोपर हादरत असताना गोदा अंगणात खुर्चीवर बसून होती. तिचं डोकं जराही दुखलं नाही.

परतताना पुलावर गाडीत तिला नाव आठवलं. सुगंधा. काही न करता, भिवंडीकडच्या गोदामांच्या पाट्या बघता बघता. तिनं करिश्माला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि जे झालं ते सांगितलं. करिश्मानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकलं. तिनं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला, तिथपर्यंत नेला, ऐकला, बंद केला.

"आई, मला सांगायचं ना आधी. शब्द जातायत म्हणून."

"सांगून तू गोली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," करिश्मा म्हणाली.

दोन दिवसांनी दोघी वर्तकनगरला गेल्या. डॉक्टर संचितांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कॉम्प्युटरवर पहिल्या दिवशीचा फॉर्म उघडला. व्यवसाय या रकान्यापुढं 'गृहिणी' होतं. त्यांनी स्क्रीन वळवून दाखवली आणि विचारलं की मावशी गातात, हे सगळं पाठ असतं त्यांना, हे कुणी का नाही लिहिलं. शब्दांवर ज्यांचं काम चालतं त्यांना ही गोळी मी आधी दिलीच नसती. निदान डोस तरी जपून वाढवला असता.

करिश्माचा चेहरा उतरला. तिनं त्या रकान्यापाशी क्षणभरही विचार केला नव्हता. काउंटरवर रोज शंभर बायकांचे फॉर्म ती भरायची आणि पगार नसलेल्या सगळ्या बायकांपुढं, धवल्याबद्दल साडी-नारळ घेऊन घरी येणाऱ्या सासूपुढंही, तिचा हात हाच शब्द लिहायचा. गोदाला तिची दया आली. तिनं सांगितलं की मला विचारलं असतं तर मीसुद्धा तेच सांगितलं असतं. ते खरंही होतं. धवला म्हणणं हे काम आहे असं तिच्या घरात कधी कुणी म्हणालं नव्हतं, आणि ती स्वतःही नाही.

डॉक्टरांनी दुसरी औषधं सांगितली. एक चांगलं होतं पण दमेवाल्यांना चालत नाही. दुसऱ्यानं झोप येते, तोंड सुकतं. सुकल्या तोंडानं गाणार कसं, गोदानं विचारलं, आणि डॉक्टरांनी मान हलवली. आणखीही आहेत म्हणाल्या, एकेक करून बघू, कुणीतरी लागू पडेल. पण प्रत्येकाला दोन-तीन महिने द्यावे लागतील आणि त्या काळात काय होईल हे आधी सांगता येत नाही.

गोदानं खिडकीकडं बघून मनाशी महिने लावले. जानेवारीत दोन लग्नं, फेब्रुवारीत चार, मग मे अखेरपर्यंत रांग. उरलेल्या दोन धवलारणींतल्या एकीला ऐकू येत नाही, दुसरी पनवेलला पोरीकडं राहायला गेलेली. मग आषाढात देव झोपतात. देव झोपले की लग्नं नाहीत, धवला नाही, चार महिने तिला कुणी विचारत नाही.

"बाय, मना आता सोडवा या गोलीतून," ती म्हणाली. "देव झोपले का मी परत येतंय. तवा काय ते करा माज्या डोक्याचा. कंची बी गोली द्या, मी मुकी जालू तरी चालंल."

"दुखणं परत येईल, मावशी. पूर्वीसारखं. आणि ती लाल पाकिटं आता नाहीत, महिन्यातून मोजक्या वेळाच गोळी."

"ठाव हाय."

डॉक्टरांना ते पटलेलं नव्हतं. त्यांनी तरी गोळी आठवड्या-आठवड्यानं कमी कशी करायची ते लिहून दिलं, अगदीच अनावर झालं तर घ्यायची एक वेगळी गोळी दिली, आणि आपला नंबर करिश्माच्या नाही, गोदाच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

शब्द हळूहळू परतले. झारा आला. शेजारीण आली. बोटांच्या मुंग्या गेल्या, थंड्याला चव आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी डाव्या डोळ्यापुढं ती करवतीची रेघ दिसली आणि गोदा निमूटपणे जाऊन खिडकीला चादर लावू लागली.

ऋतिका संक्रांतीला आली तेव्हा गोदा अंधारात पडून होती. नव्या नवरीची पहिली संक्रांत, काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. त्या दागिन्यांचा कुरकुर आवाज नको म्हणून तिनं ते दाराबाहेर काढून ठेवले आणि जमिनीवर, पलंगाला टेकून बसली. लग्नानंतर दोघींची भेट झाली नव्हती. ऋतिकानं फोनही केला नव्हता.

मग गोदा त्या अंधारात म्हणू लागली. सुरात नाही, नुसतं, ओठांतल्या ओठांत. दगडूचा आजा, आजी. बाप, आय. बुडालेला चुलता. आणि मग सुगंधा. कुठंही अडखळली नाही. प्रत्येक शब्दाला भुवईत घाव बसत होता आणि प्रत्येक शब्द जागच्या जागी होता.

"मी सांगणार होते तुला," ऋतिका म्हणाली. "ओठांवर आलेलं. मग वाटलं, थांबावं. तुला आठवेल. तू आईला कशी विसरशील."

गोळीचं ऋतिकाला करिश्मानं सगळं सांगितलं होतं. तरी ती गोळी गोदानं हातानं घेतली होती, रोज आठ वाजता, शब्द जातायत हे कळल्यावरही. तिनं ते सांगितलं. तुळशीच्या लग्नापासून ठाऊक होतं हेही सांगितलं. ऋतिका ऐकत राहिली. तिनं आत्याचा हात हातात घेतला नाही, आणि उठूनही गेली नाही.

"आता बोलावून येते का गं ती?"

"मांडव मोडला, पोरी. मांडवाबिगर नाय बोलवत." डोकं ठणकत होतं, तो ठणका गोदानं जाऊ दिला. "पाचवीला बोलवतान. तुज्या पोराच्या पाचवीला सगल्यांना परत बोलवायचा असतंय. तवा पयला नाव तुज्या आयचा घेन."

"आणि पाचवी पावसाळ्यात आली तर? तेव्हा तू गोळीवर असशील."

एवढा हिशोब गोदानं केला नव्हता. देव झोपतात, लग्नं थांबतात, बाळं थांबत नाहीत. तिनं डोळे उघडले. ऋतिका अंधारात नीट दिसत नव्हती, फक्त कपाळावरची टिकली आणि तिच्या आईसारखा वर घेतलेला डावा गुडघा.

"तर सोरून देन. मना म्हयनाभर आदी सांग म्हंजे जाला. तेवरा लागतंय उतराया."

"म्हणजे तुझं डोकं दुखायला हवं, तर माझी आई येणार."

"हां."

ऋतिका यावर हसली की रडली ते गोदाला कळलं नाही, आवाज एकाच प्रकारचा होता. मग ती म्हणाली की नऊ महिने आधी सांगते, चालेल ना. गोदाला हसू आलं, आणि हसल्याबरोबर डावीकडं जे व्हायचं ते झालं. तिनं उशीत तोंड घातलं.

"तिलगूल करिश्माकरं दे," ती उशीतून म्हणाली. "जा आता. जाताना दार लाव, उजेड येतंय."

ऋतिकानं उठून दार लावलं. पण ती गेली नाही. आतून लावलं आणि परत येऊन खाली तिथंच बसली.